तगरचे नगर आणि रजतपटावरील प्राचीन काळ

तेरखेड्याच्या बाजूस उगम पावून आग्नेयेकडे वाहणारी तेरणा नदी लोहारा तालुक्यातील मौजे माकणी येथे निम्न तेरणा प्रकल्पाच्या बांधाने अडविली आहे. तेथून सुटलेले पाणी किल्लारीच्या शिवाराजवळून पुढे जाऊन औराद शहाजानीपाशी मांजरेला आणि मांजरेसवे गोदावरीला मिळते. पावसाळ्याच्या अखेरीस माकणीचा जलाशय भरून आला म्हणजे त्याच्या काठी उभ्या राहणाऱ्या माणसास सहसा स्मरत नाही, की हे पाणी वरच्या अंगाला ज्या तेर गावाच्या पांढरीजवळून वाहत आले, ते गाव दोन सहस्र वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रावरील व्यापाऱ्यांच्या टिपणांत नोंदले गेलेले एक नामांकित नगर होते. प्राचीन काळ म्हटला की आपल्या मनःचक्षूंपुढे उंच स्तंभांचे प्रासाद, सुवर्णाची सिंहासने, रथांची आणि अश्वांची दळे, मशालींच्या उजेडात झळकणारी खड्गे असा एक ठरावीक देखावा उभा राहतो; आणि थोडा विचार केला तर असे आढळते, की तो देखावा आपल्याला रजतपटाने दिला आहे, आपल्या पायाखालच्या मातीने दिलेला नाही. त्या मातीने जे दिले आहे ते वेगळे आहे, आणि माझ्या मते ते अधिक मोलाचे आहे.

तगर या नगराची कीर्ती आपल्यापर्यंत पोहोचली ती एका निनावी ग्रीकभाषिक खलाशी-व्यापाऱ्याच्या लेखणीतून. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक सागरी मार्गदर्शिकेत तो सांगतो, की भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे, आणि तगराहून साधे सुती कापड, नाना प्रकारची तलम वस्त्रे आणि जांभळट रंगाचे कापड गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलुखातून, भडोचला उतरविले जाते. टॉलेमीच्या भूगोलातही या नगराचे नाव आहे. पुढे शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापूरच्या बाजूस राज्य करू लागले तरी आपल्या ताम्रपटांत स्वतःस श्रेष्ठ अशा तगरपुराचे अधीश्वर म्हणवून घेत राहिले. मूळ गाव सुटल्यावरही त्या गावाचा अभिमान पिढ्यान्‌पिढ्या मिरवावा, अशी या नगराची प्रतिष्ठा होती. एवढे असूनही तगर नेमके कोठे, याविषयी एकोणिसाव्या शतकातील विद्वानांत मोठा घोळ होता. दौलताबादेपासून जुन्नरपर्यंत अनेक स्थळे सुचविली गेली, आणि अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी निजामाच्या अमलाखालील तेर हेच तगर होय असे सप्रमाण मांडले. त्याच सुमारास हेन्री कझिन्स यांनी तेरला येऊन तेथील त्रिविक्रम मंदिराची पाहणी केली, आणि गजपृष्ठाकार छताच्या या विटांच्या वास्तूत त्यांना एका प्राचीन बौद्ध चैत्यगृहाची आकृती दिसली.

तेरची पुरातत्त्वीय संपत्ती पाहू जाणाऱ्यास तेथे प्रासाद आढळणार नाहीत. उत्खननांत निघाला तो चक्राकार पायाचा विटांचा स्तूप. निघाली ती खापरे, मणी, शंखाच्या बांगड्या, साच्यांत काढलेल्या पांढऱ्या मातीच्या सुबक पुतळ्या, रोमन धाटणीचे दिवे, रोमन नाण्यांच्या ठशांवरून केलेली मातीची पदके. उत्खननाच्या कुदळी येण्याच्या कितीतरी आधीपासून या वस्तू पावसाच्या प्रत्येक झडीबरोबर वर येत होत्या. गावातील व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वर्षानुवर्षे वेचल्या, राखल्या, नीट मांडून ठेवल्या, आणि त्यांच्या या संग्रहातूनच त्यांचे नाव धारण करणारे शासकीय संग्रहालय तेरला उभे राहिले. एका गृहस्थाने, कोणत्याही दरबारी सनदेवाचून, आपल्या गावच्या मातीचे दप्तर असे सांभाळावे, ही मराठवाड्याच्या सांस्कृतिक इतिहासातील थोर घटनांपैकी एक आहे असे मी मानतो.

या संग्रहात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. तिची मोठी बहीण शोभावी अशी एक हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई नगराच्या उत्खननात एका घरात सापडली व आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती नक्की भारतातील कोणत्या पेठेत कोरली गेली याविषयी मतभेद आहेत, आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनचेही नाव त्या संदर्भात घेतले जाते. परंतु व्हेसुव्हियस पर्वताच्या उद्रेकात पॉम्पेई गाडले गेले ते इ. स. ७९ मध्ये, म्हणून ती मूर्ती त्यापूर्वी समुद्रापार पोहोचली होती, एवढे निर्विवाद ठरते. आता या दोन नगरांचे रजतपटावरील भाग्य पाहावे. पॉम्पेईच्या विनाशावर इटलीने १९०८ मध्ये व पुन्हा १९१३ मध्ये मूकपट काढले, हॉलिवूडने १९३५ मध्ये बोलपट काढला, आणि २०१४ मध्ये संगणकाच्या साहाय्याने तोच ज्वालामुखी पुन्हा एकदा पेटविण्यात आला. एका दिवसात नगर बुडाले म्हणून ते अखंड राहिले, आणि एका दिवसात बुडाले म्हणूनच ते चित्रपटकारांस प्रिय झाले. तगर असे बुडाले नाही. समुद्रावरचा व्यापार आटला, राजसत्ता बदलल्या, पेठ ओसरली, विटा नव्या घरांसाठी काढून नेल्या गेल्या, आणि नगराचे हळूहळू गाव झाले. या संथ क्षयाची कथा सांगणे अवघड असते, यात शंका नाही. परंतु तेरणेच्या खालच्या काठावरील लोकांना प्रलयाचा देखावा पडद्यावर पाहण्याची आवश्यकता नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र संपता संपता, किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतील दगडमातीची घरे हजारो माणसांवर कोसळली, आणि जुन्या गावठाणांचे ढिगारे मागे ठेवून वस्त्या नव्या जागी मांडाव्या लागल्या. ज्यांनी हे सोसले त्यांना ठाऊक आहे, की गाव नष्ट होण्याचा तो एक क्षण ही त्या गावाची सर्वांत लहान गोष्ट असते. तेथे शतकानुशतके चाललेली पेरणी, विणकाम, देवाणघेवाण, सोयरीक ही मोठी गोष्ट.

भारतीय चित्रपटाचा जन्मच मुळी प्राचीन काळाच्या ओढीतून झाला. दादासाहेब फाळके हे त्र्यंबकेश्वरचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकल्यावर १९०३ च्या सुमारास ते पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरीस लागले होते. पुढे स्वदेशीच्या चळवळीत त्यांनी ती सरकारी नोकरी सोडली, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आणला. ज्या माणसाने प्राचीन वास्तूंची छायाचित्रे काढण्याचे वेतन घेतले, त्याच माणसाने आपल्या देशास हलत्या चित्रांतून प्राचीन काळ दाखविला, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. तथापि फाळक्यांच्या पडद्यावर जो काळ अवतरला तो लेण्यांतला नव्हता. तारामतीची भूमिका साळुंके नामक तरुणाने केली, वेश आणि उभे राहण्याची ढब संगीत नाटकांतून आली, आणि देवदेवतांचे मुखवळण राजा रविवर्म्याच्या शिळाछापातील तसबिरींनी आधीच घराघरांत पोहोचविले होते. लोकांच्या श्रद्धेला जो पुराणकाळ परिचित होता, तोच त्यांनी सजीव केला, आणि 'लंकादहन' पाहताना पडद्यावरील रामासमोर हात जोडणाऱ्या प्रेक्षकाला त्यात काही उणे भासले नाही. त्यात उणे काढणे योग्यही नव्हे, कारण पुराणकथेस कालगणनेचे बंधन नसते. अडचण उत्पन्न झाली ती पुढे, जेव्हा ऐतिहासिक म्हणविणाऱ्या चित्रपटांनी तेच नेपथ्य आणि तेच जडजवाहीर उचलून सम्राटांच्या दरबारांत मांडले.

मराठी चित्रपटाचे इतिहासप्रेम बाबूराव पेंटरांच्या १९२३ मधील 'सिंहगड'पासून मुख्यतः शिवकाळात आणि पेशवाईत रमले. त्याचे कारण उघड आहे: बखरी, पोवाडे, पत्रव्यवहार आणि दफ्तरे यांतून त्या काळातील माणसे बोलताना ऐकू येतात, तर सातवाहनांच्या काळाने मागे ठेवली ती नाणी आणि लेण्यांच्या भिंतींवरचे प्राकृत लेख. सातवाहनांवरील भव्य चित्रपट आला तो तेलुगू भाषेत, जानेवारी २०१७ मध्ये. दिग्दर्शक क्रिश यांच्या 'गौतमीपुत्र सातकर्णी'त नंदमूरी बालकृष्ण राजाच्या भूमिकेत होते, हेमा मालिनी राजमाता गौतमी बलश्रीच्या, आणि क्षहरात नहपानाच्या भूमिकेत कबीर बेदी. युद्धप्रसंगांचे चित्रीकरण मोरोक्को आणि जॉर्जिया या देशांत झाले. परिणामी गोदावरीच्या काळ्या मातीतल्या राजाचे पराक्रम वाळवंटी क्षितिजापुढे घडले. या चित्रपटाची थट्टा करणे मला मान्य नाही. सातवाहन आमचे की तुमचे या वादात तेलुगू समाजाने निदान त्यांच्यासाठी पदरमोड केली, ज्येष्ठ नटांना उभे केले, आणि लक्षावधी लोकांच्या तोंडी एका विसरलेल्या राजाचे नाव आणले. शिवाय अतिशयोक्तीचा दोष एकट्या चित्रपटाच्या माथी मारता येत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी गौतमी बलश्रीने आपल्या दिवंगत पुत्राची जी प्रशस्ती कोरविली, तिच्यात त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याल्याचे, त्याने शक, यवन आणि पल्हव यांचा संहार केल्याचे, आणि पराक्रमात तो राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा असल्याचे सांगितले आहे. पुत्रशोकाने व्याकुळ झालेल्या मातेने राजाचे जे रूप कल्पिले, तेच पटकथाकाराने पडद्यावर मोठे केले.

मात्र त्याच प्रशस्तीत आणखी काही आहे. राजा धर्माने ठरलेलेच कर घेत असे, पौरजनांचे सुखदुःख तो आपले मानी, अपराध केलेल्या शत्रूच्याही प्राणहानीत त्याला रुची नव्हती, असेही गौतमीने लिहविले. ते चित्रपटास दिसले नाही, कारण कर बसविण्याचा प्रसंग ढोलताशांवर चालत नाही. त्याच लेण्यात खुद्द सातकर्णीचे दोन हुकूम कोरलेले आहेत. अठराव्या राज्यवर्षी त्याने विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धन येथील अमात्यास आज्ञा दिली, की पूर्वी उषवदाताच्या वहिवाटीत असलेले दोनशे निवर्तने शेत भिक्षूंना द्यावे. उषवदात हा नहपानाचा जावई; म्हणजे शत्रूचा मुलूख हाती येताच राजाने तेथील जमिनीचा बंदोबस्त केला. पुढे चोविसाव्या वर्षी राजा आणि राजमाता दोघांच्या नावे दुसरी आज्ञा निघाली: ककडी गावी दिलेले शेत पिकत नाही आणि ते गाव ओस पडले आहे, तरी त्याच्या मोबदल्यात नगराच्या सीमेवरील सरकारी शेतातून शंभर निवर्तने द्यावीत, त्या शेतात सैनिकांनी शिरू नये, तेथे मिठासाठी कोणी खणू नये, आणि इतर सवलतीही चालू ठेवाव्यात. एक ओस पडलेले गाव, पडीक राहिलेले इनाम, तक्रार घेऊन अमात्याकडे गेलेले भिक्षू, त्यांचे म्हणणे ऐकून घेणारी वृद्ध राजमाता, आणि नवा हुकूम दगडात खोदणारा पाथरवट! हा प्रसंग मला कोणत्याही युद्धापेक्षा अधिक नाट्यपूर्ण वाटतो, आणि त्यातील प्रत्येक गोष्टीस लेखी पुरावा आहे. युद्धाचाही पुरावा आहेच, पण तो असाच गृहस्थी स्वरूपाचा: नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, सारी नहपानाची, आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांशांवर सातकर्णीने आपला ठसा उमटविलेला. पराभूताचे चलन वितळवून टाकण्याऐवजी विजेत्याने त्यावरच आपली मुद्रा ठोकून ते बाजारात चालू ठेवले.

सातवाहनांचे मुख व वेश कोठून पाहावा, हा प्रश्न उरतो. नाणेघाटातील लेण्यात नागनिकेच्या लेखाजवळ राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. आज त्यांच्या जागी नावे कोरलेली आहेत आणि पायांचे काही अवशेष आहेत. परंतु धाराशिवच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात, भीमेच्या काठी सन्नतीजवळील कनगनहळ्ळी येथे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात जो स्तूप उकलला, त्याच्या शिळापटांवर सातवाहन राजे नावांनिशी कोरलेले आढळले, आणि एका पटावर राणीसह उभ्या असलेल्या पुरुषाखाली त्याचे नाव राजा अशोक असे स्पष्ट लिहिले आहे. चांदीच्या नाण्यांवर वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी यांचे चेहरे आहेत. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात पागोटी बांधलेल्या स्त्रीपुरुषांची त्या काळची चित्रे फिकट का होईना, शिल्लक आहेत. जिज्ञासू वेशभूषाकारास एवढी सामग्री पुरेशी आहे, आणि तिचे मोल ओळखणारी कलावती आपल्यातच होऊन गेली. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी १९६६ च्या 'आम्रपाली' चित्रपटाचे पोशाख करण्यासाठी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला, आणि पुढे 'गांधी' चित्रपटासाठी ऑस्कर पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. आम्रपाली ही बुद्धाच्या काळची वैशालीची गणिका, आणि अजिंठ्याची प्रसिद्ध चित्रे वाकाटकांच्या काळची. या दोहोंत सुमारे एक सहस्र वर्षांचे अंतर आहे. काटेकोर इतिहासकारास हे खटकेल. तरीही जरतारी मखमलीत गुरफटलेल्या दरबारी राण्या पाहून कंटाळलेल्या प्रेक्षकाला अथय्यांनी प्रथमच शिवण नसलेल्या, अंगाभोवती गुंडाळलेल्या सुती-रेशमी वस्त्राचे सौंदर्य दाखविले, म्हणून मी ती चूक आदराने पाहतो. येथे चुकीला अभ्यासाचा आधार होता. आशुतोष गोवारीकर यांच्या २०१६ मधील 'मोहेंजो दारो'साठीही पुरातत्त्वज्ञांचा सल्ला घेण्यात आला होता. पण भूजजवळ उभारलेल्या त्या नगरात विटा, गटारे, मुद्रा काळजीपूर्वक मांडल्यावर कथा मात्र दुष्ट अधिपती आणि त्याला आव्हान देणारा वीर या जुन्याच साच्यातून ओतली गेली, आणि जिच्या उत्खननांत राजवाडा म्हणून खात्रीने दाखविता येईल अशी एकही वास्तू मिळालेली नाही त्या संस्कृतीला सत्ताधीशाचे नाट्य चिकटले. नेपथ्यात अभ्यास शिरला, कथेत शिरला नाही.

माझे गाऱ्हाणे आहे ते हेच. कल्पनेवाचून प्राचीन काळ दाखविता येणार नाही, कारण पुरावा नेहमीच खंडित असतो. परंतु आपले चित्रपटकार आपली सारी कल्पना सिंहासनावर खर्च करतात आणि हातमाग, भट्टी, गाडीवाट यांच्या वाट्याला ती येऊ देत नाहीत. विशेष हे, की तेरच्या बाबतीत रजतपटाने एकदा नकळत योग्य माणूस निवडला होता. संत गोरोबा काका हे तेरचे, जातीने कुंभार, आणि त्यांच्या चरित्रावर मद्रासमध्ये १९४८ साली 'चक्रधारी' हा तमिळ चित्रपट निघाला, त्याच नावाचा हिंदी चित्रपट १९५४ मध्ये आला, आणि १९७४ च्या 'भक्त कुंबार' या कन्नड चित्रपटात डॉ. राजकुमार यांनी गोरोबांची भूमिका केली. तेरणाकाठचा एक चिखल तुडविणारा माणूस अशा रीतीने सगळ्या दक्षिणेच्या परिचयाचा झाला. गोरोबांचा काळ प्राचीन नव्हे, यादवकाळाच्या उतरणीचा. पण त्यांनी ज्या पांढरीवर चिखल तुडविला, तिच्या पोटात बाराशे वर्षांपूर्वीच्या त्यांच्याच व्यवसायबंधूंनी घडविलेल्या पुतळ्या आणि रांजणांची खापरे दडलेली होती, आणि तगरचा इतिहास सांगायचा तर तो कुंभाराच्या हातून सांगणे सर्वांत सयुक्तिक ठरेल.

अशा चित्रपटास संवाद कोठून मिळतील, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर हाल सातवाहनाच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या 'गाथासप्तशती'त आहे. महाराष्ट्री प्राकृतातील या सातशे गाथांत राजदरबार अगदी थोडा आहे. कापसाच्या शेतात राबणाऱ्या बायका, ग्रामणीची पोर, वाटसरू, पाणपोईवाली, शिकारी, गोदावरीचे पूर, पावसाळ्यात घराकडे डोळे लागलेला प्रवासी, सासुरवाशिणीचे दुःख असा अवघा गाव तेथे नांदतो. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह त्या मराठीत आणल्या, त्यामुळे प्राकृत न जाणणाऱ्या पटकथाकारासही अडचण उरलेली नाही. 'पेरिप्लस'मधील एका वाक्याला या गाथांची जोड दिली तर कथा आपोआप उभी राहते: आश्विनाच्या अखेरीस वेचलेला कापूस, पिंजणे, कातणे, विणणे, रंगविणे यांतून जाऊन तयार झालेले तागे, तगराहून निघालेला गाड्यांचा तांडा, पैठणपर्यंत दहा मुक्काम आणि तेथून भडोचपर्यंत आणखी वीस, वाटेत लेण्यांपाशी उतारा, कारण लेण्यांना देणग्या देणाऱ्यांत व्यापारी, कारागीर, गृहिणी सारे आहेत, नद्यांचे उतार, जकातीचे नाके, आणि नहपानाच्या व सातकर्णीच्या लढाईमुळे कोणती वाट बंद आणि कोणते नाणे चालेल याची गाडीवानांत चाललेली चिंता. राजा त्या चित्रपटात येईल तो त्या नाण्यावरच्या ठशातून. चित्रीकरणासाठी मोरोक्कोस जाण्याचे प्रयोजन नाही. तेरचे त्रिविक्रम मंदिर उभे आहे, धाराशिवची लेणी आहेत, औशाजवळची खरोसा लेणी आहेत, ती उत्तरकालीन असली तरी डोंगर तोच आहे. आणि काळ्या रानांतून गेलेल्या गाडीवाटा हव्या असतील तर त्या तेरपासून माकणीपर्यंत तेरणेच्या दोन्ही तीरांना अद्याप सापडतात.